ब्राउझरमधील कोडिंग नोटबुक: वही आपली, यंत्र भाड्याचे

प्रस्तावना

संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, वाणिज्य किंवा भौतिकशास्त्र यांपैकी काहीही शिकत असलात तरी आज ना उद्या तुम्हाला कोणीतरी एक दुवा पाठवेल आणि म्हणेल, "हे नोटबुक उघडा आणि चालवून पाहा." दुवा उघडला की ब्राउझरमध्ये एक लांबलचक पान दिसते. त्यात थोडा मजकूर, थोडा कोड आणि मधूनमधून आलेख असतात. बटण दाबले की उत्तर येते. आपल्या संगणकावर काहीच बसवावे लागत नाही. मग हा कोड नेमका कुठे चालतो? उत्तर कोणाच्या यंत्रावर तयार होते? टॅब बंद केल्यावर त्यातले काय उरते आणि काय जाते?

या प्रश्नांची उत्तरे माहीत नसली तरी नोटबुक चालते. अडचण पुढे येते. सहा तास चाललेले काम नाहीसे होते, न वापरलेल्या यंत्राचे बिल येते, किंवा गिऱ्हाइकांची यादी नको त्या माणसाच्या हाती पडते. म्हणून या पाठात बटणे कोणती दाबायची यापेक्षा पडद्यामागे काय घडते यावर भर दिला आहे.

उदाहरणासाठी आपण रायपूरचा सदर बाजार घेऊ. ही शहराची सराफ्याची पेठ. समजा, तुम्ही महाविद्यालयात शिकता आणि संध्याकाळी तिथल्या एका पेढीवर हिशेबाला मदत करता. तुमच्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आणि एक मोबाइल आहे. एवढ्या साधनांत तीन वर्षांच्या विक्रीचा अभ्यास करता येईल का? येईल, पण काही गोष्टी नीट समजून घेतल्या तरच.

या पाठातून काय समजेल

• नोटबुकचे भाग आणि त्यांची जागा
• सेल चालवण्याच्या क्रमामुळे होणारी चूक ओळखणे
• सत्र संपल्यावर काय टिकते, काय टिकत नाही
• जीपीयू केव्हा घ्यावे आणि त्याचे भाडे कसे मोजावे
• दुसऱ्याच्या यंत्रावर कोणती माहिती नेऊ नये

१. नोटबुक म्हणजे काय

नोटबुक ही एक फाइल आहे. तिच्यात एकाखाली एक असे चौकोन असतात. त्यांना सेल म्हणतात. काही सेलमध्ये साधा मजकूर असतो, तर काहींत कोड. कोडचा सेल चालवला की त्याचे उत्तर लगेच खाली उमटते. स्पष्टीकरण, कृती आणि उत्तर एकाच पानावर क्रमाने दिसत असल्याने शिकायला आणि शिकवायला ही पद्धत सोयीची आहे.

फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथॉन नावाचे साधन लिहिले. त्याला २०११ मध्ये ब्राउझरमधील नोटबुकची जोड मिळाली. २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर हा प्रकल्प वेगळा झाला. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन भाषांच्या नावांवरून हे नाव बेतले आहे. गॅलिलिओने गुरूच्या चंद्रांची निरीक्षणे आपल्या वहीत नोंदवली होती, त्याचीही आठवण या नावात आहे.

२. तीन जागा: ब्राउझर, सर्व्हर आणि कर्नेल

नोटबुक उघडते तेव्हा तीन गोष्टी काम करत असतात.

पहिली म्हणजे ब्राउझर. इथे तुम्ही टाइप करता आणि इथेच उत्तर दिसते. ब्राउझर स्वतः गणित करत नाही. तो तुमचा कोड पुढे पाठवतो आणि आलेले उत्तर दाखवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हर. तो नोटबुकची फाइल सांभाळतो आणि निरोपांची देवाणघेवाण करतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कर्नेल. कोड प्रत्यक्षात चालवणारा हा प्रोग्राम. तुम्ही एखाद्या नावाला किंमत दिली, एखादा तक्ता वाचला, की ते सर्व कर्नेलच्या स्मरणात राहते. नोटबुकच्या फाइलमध्ये ते नसते.

ज्युपिटर तुमच्याच लॅपटॉपवर बसवले तर या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असतात. भाड्याच्या क्लाउडवर चालवले तर ब्राउझर सदर बाजारात असतो आणि कर्नेल कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. भारतात अशी केंद्रे बरीच आहेत. मायक्रोसॉफ्टचा पुणे विभाग २०१५ पासून, ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आणि गुगलचा मुंबई विभाग २०१७ पासून सुरू आहे. नवा रायपूरमध्येही मे २०२५ मध्ये रॅकबँक कंपनीच्या एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. मात्र यंत्र शेजारच्या सेक्टरमध्ये असले काय किंवा समुद्रापलीकडे असले काय, ते तुमचे नाही, तुम्ही ते काही तासांसाठी वापरत आहात, ही गोष्ट बदलत नाही.

सराफ्यातल्या लोकांना हा प्रकार नवा नाही. दागिन्यावर हॉलमार्क हवा असेल तर पेढी तो तपासणी केंद्रात पाठवते. यंत्र केंद्राचे असते. शुद्धता तपासली जाते, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक उमटतो आणि दागिना परत येतो. पेढीला ते यंत्र विकत घ्यावे लागत नाही. पण दागिना परत आणायचे काम पेढीचेच असते. नोटबुकचेही तसेच. काम झाले की निकाल परत आणायचा असतो, तो आपोआप येत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्युपिटरलाइट नावाच्या प्रकारात पायथॉन खरोखर ब्राउझरच्या आतच चालते. तिथे दूरचे यंत्र नसते. छोट्या सरावासाठी ते चांगले आहे, पण ताकद तुमच्या लॅपटॉपइतकीच मिळते.

३. पहिले नोटबुक

गुगल कोलॅब २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. गुगलचे खाते असेल तर ते फुकट वापरता येते. कोलॅब उघडा आणि नवे नोटबुक घ्या. खालील तीन सेल एकेक करून टाइप करा. पायथॉन ३ मध्ये नावे देवनागरीत देता येतात. मात्र कोडमधील आकडे 0 ते 9 असेच लिहावे लागतात.

पहिला सेल:

वजन = 12.5
दर = 9000

दुसरा सेल:

मूळ = वजन * दर

तिसरा सेल:

घडणावळीसह = मूळ * 110 / 100
करासह = घडणावळीसह * 103 / 100
करासह

इथे साडेबारा ग्रॅमचा दागिना, ग्रॅमला ९,००० रुपये दर, १० टक्के घडणावळ आणि उदाहरण सोपे राहावे म्हणून एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी धरला आहे. दर केवळ उदाहरणादाखल आहे. सेल क्रमाने चालवल्यावर उत्तर येते:

127462.5

शेवटच्या ओळीत नुसते नाव लिहिले तरी त्याची किंमत खाली दिसते, ही नोटबुकची सोय आहे.

एक व्यावहारिक सूचना. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' अशा शब्दांतील अर्धा र काही कीबोर्ड एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण पायथॉनला नावात ते चिन्ह चालत नाही. दिसायला बरोबर असलेल्या नावावर चूक दाखवली तर नाव पुसून साध्या अक्षरांत लिहा.

४. सेल चालवण्याचा क्रम

आता दुपारी भाव चढला. तुम्ही पहिल्या सेलमध्ये दर बदलला:

दर = 9200

मग पहिला सेल चालवला आणि उत्तर पाहायला थेट तिसरा सेल चालवला. उत्तर येते:

127462.5

भाव वाढला, तरी रक्कम तीच! पडद्यावर दर ९,२०० दिसतो आणि त्याखाली जुनी रक्कम दिसते. कोडमध्ये कुठेही चूक नाही आणि संगणकाने कसलीही सूचना दिलेली नाही.

असे का झाले? 'मूळ' ही रक्कम दुसऱ्या सेलमध्ये तयार होते. तो सेल पुन्हा चालवला नाही, म्हणून कर्नेलच्या स्मरणात 'मूळ'ची जुनी किंमत, म्हणजे १,१२,५००, तशीच राहिली. दुसरा सेल चालवून मग तिसरा चालवला की बरोबर उत्तर येते:

130295.0

फरक २,८३२ रुपये ५० पैशांचा. पेढीवर हा आकडा बिलात गेला असता तर तेवढे नुकसान झाले असते. अभ्यासाच्या अहवालात गेला असता तर निष्कर्षच चुकला असता.

यातून एक नियम निघतो. पानावर दिसणारा कोड आणि कर्नेलच्या स्मरणातील किंमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेलच्या डाव्या बाजूला चौकटी कंसात जो क्रमांक दिसतो, तो सेल कितव्या क्रमाने चालला हे सांगतो. वरून खाली १, २, ३ असा क्रम असेल तर ठीक. ४, २, ५ असा असेल तर सावध व्हा. उत्तर कोणाला देण्यापूर्वी मेनूतील 'रीस्टार्ट अँड रन ऑल' किंवा तशाच अर्थाचा पर्याय निवडा. त्याने कर्नेलचे स्मरण कोरे होते आणि सर्व सेल क्रमाने चालतात. त्यानंतर आलेले उत्तरच खरे मानावे.

५. यंत्र परत गेल्यावर काय उरते

भाड्याचे यंत्र तुम्हाला एका सत्रापुरते मिळते. कोलॅबच्या फुकट प्रकारात सत्र जास्तीत जास्त सुमारे १२ तास चालू शकते. बराच वेळ तुमची हालचाल दिसली नाही तर ते त्याआधीच तोडले जाते. गर्दी असेल तर यंत्र मिळेलच याचीही हमी नसते. या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

सत्र संपले की काय होते, ते असे:

• नोटबुकची फाइल टिकते. तिच्यात मजकूर, कोड आणि शेवटी उमटलेली उत्तरे असतात. कोलॅबमध्ये ती तुमच्या गुगल ड्राइव्हवर जतन होते.
• कर्नेलचे स्मरण जाते. 'वजन', 'दर', वाचलेले तक्ते, शिकवलेले मॉडेल, सर्व काही.
• यंत्राच्या डिस्कवर ठेवलेल्या फाइली जातात. डाव्या बाजूच्या फाइलपट्टीत ओढून टाकलेली फाइलही यातच येते.
• जास्तीची बसवलेली पॅकेजेस जातात. पुढच्या वेळी ती पुन्हा बसवावी लागतात.

दुसऱ्या दिवशी नोटबुक उघडले की कालची उत्तरे आणि आलेख जागच्या जागी दिसतात. त्यामुळे सर्व काही शिल्लक आहे असे वाटते. तिसरा सेल चालवला की मात्र 'मूळ' हे नाव माहीत नाही, अशा अर्थाची नेमएरर येते. ही बिघाडाची खूण नाही. समोर नवे, कोरे यंत्र आहे, एवढाच तिचा अर्थ. वरपासून सर्व सेल पुन्हा चालवा.

काम टिकवण्यासाठी तीन सवयी लावून घ्या.

पहिली: मूळ माहिती ड्राइव्हवर किंवा अन्य कायम ठिकाणी ठेवा आणि नोटबुकच्या पहिल्या सेलमध्ये ती तिथून वाचा.

दुसरी: निकालाचा तक्ता तयार झाला की लगेच फाइल करून त्याच कायम ठिकाणी लिहा. शेवटी एकदम लिहू म्हणून थांबू नका.

तिसरी: काम तासन्‌तास चालणार असेल तर ते टप्प्यांत विभागा आणि प्रत्येक टप्प्यानंतरची स्थिती जतन करा. याला चेकपॉइंट म्हणतात. पाचव्या तासाला सत्र तुटले तर शेवटच्या टप्प्यापासून पुढे जाता येते. रोजमेळ रोजच्या रोज लिहिला की खतावणी कधीही नव्याने मांडता येते. इथेही तेच सूत्र आहे.

६. जीपीयू केव्हा लागते

साधा संगणक एका वेळी थोडीच कामे करतो, पण कोणत्याही प्रकारची करतो. जीपीयू एका वेळी हजारो सारखी गणिते करते. प्रतिमा ओळखणे आणि भाषेची मॉडेले शिकवणे यांत अशी सारखी गणिते कोट्यवधी वेळा करावी लागतात. तिथे जीपीयूमुळे दिवसांचे काम तासांवर येते.

मराठीतले एक उदाहरण पाहा. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटचा संच खुला केला. प्रत्येक ट्वीटचा सूर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ, हे त्यात नोंदवले आहे. पुढे २०२२ मध्ये याच गटाने सुमारे २.४८ कोटी मराठी वाक्यांचा संग्रह आणि महाबर्ट हे मराठीचे मॉडेल प्रसिद्ध केले. असे तयार मॉडेल उतरवून घेऊन त्याला ट्वीटचा सूर ओळखायला शिकवणे, हा विद्यार्थ्यांसाठी चांगला प्रकल्प आहे. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो झेपत नाही. कोलॅबवर बहुधा मिळणाऱ्या टी-४ या १६ जीबी स्मृतीच्या जीपीयूवर तो आरामात होतो.

याउलट पेढीच्या तीन वर्षांच्या विक्रीच्या काही हजार ओळी असतील तर जीपीयूचा उपयोग शून्य. बेरजा, सरासरी आणि महिन्यांनुसार आलेख साध्या यंत्रावर क्षणात होतात. जीपीयू लावून ठेवली तर मोफत कोटा वाया जातो किंवा भाडे वाढते. म्हणून आधी साध्या यंत्रावर, माहितीच्या छोट्या तुकड्यावर सर्व कोड बरोबर चालतो का ते पाहा. मगच जीपीयू घ्या.

इंटरनेटचाही विचार करावा. तुमच्या जोडणीचा अपलोडचा वेग सेकंदाला ८ मेगाबिट असेल तर एक जीबीची फाइल चढवायला जवळपास १७ मिनिटे लागतात. पण माहिती आधीच वेबवर खुली असेल तर ती तुमच्या मोबाइलमधून जायची गरज नाही. कोडमध्ये पत्ता द्या, भाड्याचे यंत्र ती थेट उतरवून घेते. डेटा सेंटरची जोडणी वेगवान असल्याने हे काम काही सेकंदांत होते. तुमच्याकडून जातो तो फक्त कोडचा मजकूर, आणि त्याला मोबाइलचे नेट पुरते.

७. फुकट, सवलतीचे आणि पूर्ण भाड्याचे

फुकटच्या जागा. कोलॅबशिवाय कॅगलवर आठवड्याला सुमारे ३० तास जीपीयू मिळते. त्यासाठी फोन क्रमांकाची पडताळणी करावी लागते. बाइंडर नावाची सेवा खुल्या प्रकल्पांची नोटबुके खाते न उघडता चालवून दाखवते, पण तिथले काहीच टिकत नाही.

सवलतीची जागा. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली. त्याची तरतूद १०,३०० कोटी रुपयांहून अधिक आहे. या मिशनखाली विद्यार्थी, संशोधक आणि स्टार्टअप यांना जीपीयू सवलतीत देण्याची योजना असून, सरासरी दर ताशी सुमारे ६५ रुपये असल्याचे सरकारने सांगितले आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो.

पूर्ण भाड्याची जागा. ॲमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडवर स्वतःचे यंत्र निवडून नोटबुक चालवता येते. इथे सत्र आपोआप तुटत नाही, आणि नेमका हाच धोका आहे.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा: ब्राउझरचा टॅब बंद केल्याने भाड्याचे यंत्र बंद होत नाही.

हिशेब करून पाहू. ताशी ६५ रुपयांचे यंत्र शुक्रवारी संध्याकाळी सातला चालूच राहिले आणि सोमवारी सकाळी दहाला लक्षात आले. मध्ये ६३ तास गेले.

63 * 65

उत्तर ४,०९५ रुपये. काम एका तासाचे, म्हणजे ६५ रुपयांचे होते. लॅपटॉप मिटलेला असला तरी तिकडे मीटर पळतच असतो. यंत्र महागडे असेल तर हाच आकडा अनेक पटींनी वाढतो.

म्हणून पैसे भरून यंत्र घेताना पुढील गोष्टी आधी करा, काम नंतर.

• खर्चाची मर्यादा ठरवून तिचा इशारा ईमेलवर येईल अशी सोय करा. इशारा म्हणजे फक्त सूचना असते. बहुतेक ठिकाणी त्याने यंत्र बंद होत नाही.
• ठरावीक वेळ वापर नसेल तर यंत्र आपोआप थांबेल असा पर्याय असेल तर तो चालू करा.
• काम संपले की यंत्रांच्या यादीत जाऊन 'थांबले' असे दिसते का, ते स्वतः पाहा.
• थांबवलेल्या यंत्राच्या डिस्कचे भाडे चालूच राहते. ते यंत्र पुन्हा लागणार नसेल तर निकाल उतरवून घ्या आणि डिस्कसह ते काढून टाका.

८. दुसऱ्याच्या यंत्रावर काय न्यावे

आता पेढीच्या विक्रीच्या वहीकडे येऊ. तिच्यात तारीख, वजन, शुद्धता, दर, घडणावळ आणि रक्कम असते. त्याचबरोबर गिऱ्हाइकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि पत्ता असतो. दोन लाखांवरच्या खरेदीसाठी पॅन द्यावा लागतो, म्हणून काही ओळींत पॅनही असतो. कोणाच्या घरी किती सोने आहे, याचीच ही यादी झाली. ती बाहेर गेली तर नुकसान गिऱ्हाइकाचे होते आणि पेढीवरचा विश्वास जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

कोणत्या महिन्यात कोणत्या वजनाचे दागिने जास्त विकले गेले, या प्रश्नाला गिऱ्हाइकाचे नाव लागतच नाही. म्हणून फाइल क्लाउडवर नेण्यापूर्वी, आपल्याच लॅपटॉपवर, पुढील काम करा. नाव, मोबाइल, पत्ता आणि पॅन यांचे स्तंभ काढून टाका. एचयूआयडीही काढा, कारण तो एकाच दागिन्याचा असतो. तेच गिऱ्हाईक पुन्हा आले का, हे पाहायचे असेल तर नावाऐवजी १, २, ३ असे क्रमांक द्या आणि क्रमांक व नावांची जोडयादी पेढीवरच ठेवा. शिवाय मालकांची परवानगी घ्या. माहिती त्यांची आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची आहे.

नोटबुकच्या स्वभावामुळे आणखी तीन सावधगिरीच्या गोष्टी येतात.

पहिली, उत्तरेही फाइलमध्ये जतन होतात. तुम्ही तक्त्याच्या पहिल्या पाच ओळी तपासण्यासाठी पडद्यावर आणल्या आणि मग नोटबुकचा दुवा मित्राला पाठवला, तर त्या पाच ओळी त्यालाही दिसतात. देण्यापूर्वी उत्तरे पुसून टाका. कोलॅबमध्ये नोटबुकच्या जुन्या आवृत्त्याही राहतात, म्हणून संवेदनशील काही येऊन गेले असेल तर कोड नव्या नोटबुकमध्ये उतरवून तेच द्यावे.

दुसरी, पासवर्ड किंवा सेवेची गुप्त किल्ली सेलमध्ये लिहू नका. कोलॅबमध्ये किल्ल्यांसाठी वेगळी जागा असते, तिथे ठेवा.

तिसरी, अनोळखी माणसाचे नोटबुक चालवताना ते तुमच्या ड्राइव्हची परवानगी मागत असेल तर आधी त्यातला कोड वाचा. परवानगी दिली की तो कोड तुमच्या फाइली तुमच्याच नावाने उघडू शकतो.

९. एक खरे उदाहरण: गुरुत्वीय लहरी

नोटबुकमुळे काय शक्य झाले, याचे एक उत्तम उदाहरण विज्ञानात आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांना गुरुत्वीय लहर प्रथमच सापडली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याने ती निर्माण झाली होती. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला, तेव्हा लायगोने त्या क्षणाची नोंद आणि ती कशी तपासावी हे दाखवणारे नोटबुकही सर्वांना खुले केले.

नोंद किती मोठी? ३२ सेकंदांची, सेकंदाला ४,०९६ मोजमापे, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. एवढे तर मोबाइलवरून उघडलेल्या फुकट नोटबुकमध्येही सहज मावतात. नोटबुक क्रमाने चालवत गेलात की आधी नुसता गोंगाट दिसतो. मग ठरावीक कंपनसंख्या गाळल्या जातात आणि सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागात चढत जाणारा संकेत वर येतो. एका वेधशाळेत तो दुसरीपेक्षा सुमारे सात सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचला, हेही आलेखात दिसते. शोधावर विश्वास ठेवायला कोणी सांगत नाही, तो स्वतः पडताळता येतो.

मराठी वाचकाला यात आणखी रस वाटावा. लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. पुण्याची आयुका ही संस्था तिच्या प्रमुख भागीदारांपैकी एक आहे. त्या नोंदी तपासण्याची तयारी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. लायगोच्या खुल्या माहितीचे पाठ कोलॅबवर चालवता येतात.

सारांश

• ब्राउझर फक्त दाखवतो, कोड कर्नेल चालवतो. क्लाउडवर कर्नेल भाड्याच्या यंत्रावर असतो.
• पानावरचा कोड आणि कर्नेलच्या स्मरणातील किंमती वेगवेगळ्या असू शकतात. उत्तर देण्यापूर्वी सर्व सेल नव्याने क्रमाने चालवा.
• सत्र संपले की नोटबुक टिकते. स्मरण आणि यंत्रावरील फाइली टिकत नाहीत.
• जीपीयू गरजेपुरतीच घ्या. आधी छोट्या तुकड्यावर साध्या यंत्रावर चाचणी करा.
• पैशांचे यंत्र स्वतः थांबवा आणि थांबल्याची खात्री करा.
• ज्या माहितीची अभ्यासाला गरज नाही, ती क्लाउडवर नेऊ नका.

स्वाध्याय

१. विभाग ३ मधील तीन सेल चालवा. दर 9500 करा आणि फक्त पहिला व तिसरा सेल चालवा. चुकीचे आणि बरोबर उत्तर यांत किती रुपयांचा फरक येतो?

२. मेनूतून सत्र तोडा आणि थेट तिसरा सेल चालवा. आलेल्या चुकीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.

३. यंत्राच्या डिस्कवर एक छोटी फाइल तयार करा आणि तिची प्रत ड्राइव्हवर ठेवा. सत्र तोडून पुन्हा जोडा. कोणती फाइल सापडते?

४. ताशी ६५ रुपयांचे यंत्र रोज दोन तासांप्रमाणे महिन्यातील २२ दिवस वापरले तर खर्च किती? तेच यंत्र ३० दिवस अखंड चालू राहिले तर किती? दोन्ही रकमा नोटबुकमध्ये काढा.

५. तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्या दुकानाच्या वहीतील स्तंभांची यादी करा. त्यांतील कोणते स्तंभ क्लाउडवर नेता येतील आणि कोणते नेऊ नयेत? प्रत्येकाचे कारण एका वाक्यात लिहा.